"उरलं तर जाऊ" म्हटलं की जाणं होत नाही: सोलापुरातून कोकण ट्रिपसाठी ३७ हजार आम्ही कसे जमवले

माझा मुलगा तिसरीत होता तेव्हा शेजारच्या दादाचं चौथीचं इतिहासाचं पुस्तक घेऊन बसायचा, आणि एक दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याचं चित्र दाखवून मला म्हणाला, "आई, समुद्राच्या मधी किल्ला कसा बांधला गं, पाया कुठं घातला?" मला उत्तर देता आलं नाही कारण मी स्वतः तोवर समुद्र बघितलेला नव्हता. सोलापुरात जन्मले, सोलापुरातच दिले, आमचं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव. त्या रात्री ह्यांना म्हटलं, पुढच्या दिवाळीत मालवणला जायचं. ते म्हणाले, "उरलं तर जाऊ."

हे "उरलं तर" आम्ही सात-आठ वर्षं ऐकत होतो. दोनदा पैसे जमलेसुद्धा होते. एकदा नात्यातल्या लग्नात आहेर आणि कपड्यात गेले, दुसऱ्यांदा फ्रिज बंद पडला. पैसे कमी होते म्हणून ट्रिप राहिली असं नव्हतं, ते घरखर्चाच्याच खात्यात पडून होते म्हणून राहिली. जो खर्च आधी दारात येऊन उभा राहिला तो घेऊन गेला. म्हणून यावेळी सगळं उलट्या बाजूनं केलं, आधी तारीख, मग आकडा, मग पैसे ठेवायची जागा, आणि खर्च कुठं कमी करायचा हे सगळ्यात शेवटी. ते सगळं आकड्यांसकट लिहिते. माझे भाव जसेच्या तसे धरू नका, ते बदलत राहतात, पण हिशोबाची पद्धत तुमच्याही घरात चालेल.

आमचं घर म्हणजे हे (एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात), मी (घरी शिलाई), मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ चा, आणि सासूबाई ६८ च्या.

आधी तारीख आणि आकडा

नुसतं "कोकण" म्हणून पैसे जमत नाहीत. कुठं, किती दिवस, किती जण, कधी, हे चार प्रश्न वहीत लिहून त्याची उत्तरं लिहा. आम्ही ठरवलं मालवण-तारकर्ली, ६ दिवस ५ रात्री, पाच जण, दिवाळीच्या सुट्टीत. पण भाऊबीजेच्या लगेच नंतरचे शनिवार-रविवार सोडून पुढच्या रविवारी निघायचं आणि शुक्रवारी परत. हे फार महत्त्वाचं आहे बघा, कारण मी तीन ठिकाणी फोन करून विचारलं तर त्याच खोलीचा गर्दीच्या दिवसांतला भाव दीडपट नाहीतर दुप्पट होता. २५ डिसेंबर ते १ जानेवारी तर नावच काढू नका. आणि पावसाळ्यात स्वस्त मिळतं म्हणून जाणार असाल तर लक्षात ठेवा, त्या महिन्यांत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, लेकरं किनाऱ्यावरून किल्ला लांबून बघत बसतील.

मग खर्चाची वही. प्रवास ४,०००, राहणं ११,००० (एक मोठी खोली, दोन जादा गाद्या, रात्रीला २,२००), जेवणखाण ९,०००, तिथली रिक्षा ४,०००, होडी-किल्ला-पाण्यातले खेळ ३,०००, काजू-कोकम-खाजं २,५००. झाले ३३,५००. त्यावर दहा टक्के वरखर्चाचे धरायचेच, म्हणजे साधारण ३७ हजार. हे दहा टक्के बरेच जण सोडतात आणि मग चौथ्या दिवशी भावाला फोन करून पैसे मागायची वेळ येते.

एक सांगते, आकडा बघून घाबरून वही मिटू नका. ३७ हजार जमणार नसतील तर ट्रिप लहान करा, रद्द करू नका. आपल्याला विजयपूर शंभर किलोमीटरवर आहे, गोलघुमट बघून एका दिवसात परत येता येतं, पुढं बदामी-हंपी जोडलं तर तीन-चार दिवसांची सुंदर ट्रिप होते. फक्त तिकडं एसटीची सवलत आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, आणि कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे ती तिथल्या रहिवाशांनाच, आपल्याला पूर्ण तिकीट, ते हिशोबात धरा.

प्रवास: इथं सगळ्यात जास्त पैसे वाचले

आम्ही आधी गाडी ठरवायला गेलो होतो. सात सीटर, १३ रुपये किलोमीटर, ऐकायला बरं वाटलं. मग नीट विचारलं तर कळलं की रोजचे किमान ३०० किलोमीटर धरतात, गाडी दिवसभर लॉजसमोर उभी असली तरी. ६ दिवस गुणिले ३०० म्हणजे १,८०० किलोमीटर, म्हणजे २३,४०० रुपये, वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. आमच्या अख्ख्या ट्रिपचे निम्म्याहून जास्त पैसे गाडीतच गेले असते.

मग मुलीनं एसटीचा हिशोब मांडला, तोही स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी बसून. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे मी अर्धी, ती अर्धी. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, म्हणजे आजी अर्धी (७५ च्या पुढं तर फुकट). ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धं. पूर्ण तिकीट फक्त पप्पांचं. पाच माणसं, पैसे तीन माणसांचे! सोलापूर-कोल्हापूर आणि कोल्हापूर-मालवण साध्या गाडीनं, जाऊन-येऊन सगळ्यांचे मिळून चार हजारांच्या आत बसलं. सकाळच्या गाडीनं कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन, जेवण, आणि दुपारच्या गाडीनं मालवण. वयस्कर माणसाला दिवस लांब होतो हे खरं, म्हणून आम्ही खिडकीकडच्या सीटचं रिझर्वेशन केलं, त्याचे थोडे जादा पैसे जातात पण ते द्यावेत. सगळ्यांची आधार कार्डं हाताशी ठेवा, कंडक्टर विचारतो.

एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पासही आहे, ४ दिवसांचा आणि ७ दिवसांचा. ज्यांना पूर्ण तिकीट लागतं आणि जे रोज गाव बदलत फिरणार आहेत त्यांना तो परवडतो. आमच्यासारखे एकाच ठिकाणी राहणारे आणि घरात बायका-लेकरं-म्हातारी माणसं जास्त असतील तर साधं अर्धं तिकीटच बरं पडतं. दोन्ही मांडून बघा.

रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. आपल्या सोलापूर स्टेशनवरून दिल्लीकडं कर्नाटक एक्सप्रेस आहे, केरळ-कन्याकुमारीकडं पुण्याहून येणारी गाडी आहे, मुंबईला सिद्धेश्वर आहे, म्हणजे लांबची ट्रिपसुद्धा गाडी न बदलता होते. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, म्हणजे पैसे दोन महिने आधी हातात पाहिजेत. ज्येष्ठांची सवलत रेल्वेनं मार्च २०२० पासून बंद केलीय, ५ ते १२ च्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण तिकीट लागतं. आणि तत्काळच्या भरवशावर कुटुंबाची ट्रिप ठरवू नका, पाच जणांची तिकिटं एका झटक्यात मिळणं अवघड.

पैसे ठेवायची जागा

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. ट्रिपचे पैसे घरखर्चाच्या खात्यात ठेवायचे नाहीत, डब्यातही ठेवायचे नाहीत, डब्यातले पैसे गॅस सिलेंडर आला की जातात.

आम्ही बँकेत ९ महिन्यांची आरडी काढली, महिन्याला १,८०० रुपये, डिसेंबर ते ऑगस्ट, म्हणजे सप्टेंबरात १६,२०० आणि वर थोडं व्याज हातात. ९ महिने मुद्दाम घेतले, कारण खोलीचा अॅडव्हान्स आणि गाडीचं रिझर्वेशन त्याच सुमारास करायचं होतं. आरडी दिवाळीनंतर पिकली तर उपयोग काय? हप्ता पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप कापला जाईल असं सांगून ठेवा. हप्ता चुकला तर थोडा दंड बसतो.

पोस्टाची आरडी चांगलीच आहे पण ती ५ वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, म्हणून एका वर्षाच्या ट्रिपला ती नको. बऱ्याच बँकांची ६ महिन्यांपासून पुढं मिळते.

आणि आरडी सासूबाईंच्या नावानं काढली. एक तर ज्येष्ठांना बँका साधारण अर्धा टक्का व्याज जास्त देतात, आणि दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये ह्यांना मोबाईल घ्यायचा होता तेव्हा आत्यांनी (सासूबाईंना मी आत्या म्हणते) सरळ सांगितलं, "माझ्या नावचं हाय, मी मोडणार नाही. समुद्र बघून मग मोबाईल बघू." माझ्याच्यानं इतकं ठाम बोलणं झालं नसतं.

भिशीबद्दल मनापासून सांगते. पाच वर्षांपूर्वी मी एका भिशीत महिन्याला १,००० भरत होते, दहावा हप्ता भरला आणि चालवणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या, माझे दहा हजार बुडाले. कागद नाही, सही नाही, कुणाकडं जाणार? तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. भिशी करायचीच असेल तर रोज तोंड बघता अशा आठ-दहा बायकांची, छोट्या रकमेची, आणि नंबर आधीच लिहून ठेवून करा, म्हणजे ट्रिपच्या महिन्यात तुमचा नंबर लागेल असं बघता येतं. पतसंस्थेत जास्त व्याज दिसतं पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जो विमा असतो तो पतसंस्थेच्या ठेवीला नसतो, एवढं माहीत असू द्या.

आरडीशिवाय एक वेगळं झिरो बॅलन्स खातं ठेवा. त्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, फोनपे-गुगलपेला जोडू नका. चटणीचे, भंगाराचे, गल्ल्यातले (ते पुढं सांगते) सगळे पैसे त्यात भरायचे.

शेंगा चटणी

पगारातून १,८०० च्या वर एक रुपया निघत नव्हता, म्हणून बाकीचं कमवायचं होतं. शिलाईचं काम सणावारीच जास्त असतं. मग विचार केला, आपल्या गावची चटणी अख्खा महाराष्ट्र विकत घेतो, आपण का विकू नये.

माझा एका किलोचा हिशोब असा. शेंगदाणे १४०, तिखट-लसूण-जिरे-मीठ मिळून ६०, गॅस आणि पाऊच-लेबल ४०, एकूण २४०. एका किलोच्या दाण्यांची चटणी किलोपेक्षा थोडी जास्तच होते. पाव किलोची चार पाकिटं, शंभराला एक, म्हणजे ४००. वरची जी उरते ती घरात. एका खेपेला १६० सुटले. महिन्याला चार-पाच खेपा, वर्षभरात ४७ झाल्या, म्हणजे साडेसात हजार.

चटणी करताना घाई केली की गिऱ्हाईक परत येत नाही. दाणे मंद आचेवर, साल करपल्याशिवाय आतून खमंग होईपर्यंत भाजायचे, पूर्ण गार करायचे, हातानं चोळून साल पाखडायची. मग उखळात आधी लसूण-मीठ-जिरं, नंतर तिखट, नंतर दाणे, आणि तेल सुटून चटणी मुठीत दाबली की लाडवासारखी धरली पाहिजे तोवर कुटायची. मिक्सरला केली तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं तर पातळ गोळा होतो आणि ती चव येत नाही. लसूण ओली राहिली तर चटणी लवकर खवट होते, म्हणून मी लसूण सोलून तासभर पंख्याखाली पसरते.

विकायला दुकान लागत नाही. ह्यांच्या कारखान्यातले लोक, पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांचे आईवडील, मुलीच्या शाळेतल्या बाई, तेवढ्यावर झालं. उधारी मात्र द्यायची नाही. पहिल्या दोन महिन्यांत माझे सहाशे रुपये उधारीत अडकले, ते निघायला मे उजाडला. आणि खाण्याची वस्तू विकताय तर अन्न परवान्याची साधी नोंदणी करून घ्या, छोट्या घरगुती धंद्याला वर्षाला १०० रुपये फी आहे, ऑनलाइन होते, पाकिटावर तो नंबर, वजन आणि तारीख टाका. लोकांचा विश्वास लगेच वाढतो.

चटणीच करा असं नाही. कडक भाकरी, शिकवण्या, मेंदी, फॉल-पिको, ब्लाऊज, जे हाताला येतं ते. फक्त त्या कामाचे पैसे ट्रिपच्या खात्यात गेले पाहिजेत, भाजीत नाही.

घरातली अडगळ

एका रविवारी माळा खाली उतरवला. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळं प्रत्येक घरात एक तरी जळालेली पाण्याची मोटर पडलेली असतेच, तिच्यात तांबं असतं म्हणून पत्र्याच्या भावात देऊ नका. आमची ९०० ला गेली. मुलाची छोटी सायकल ८००, मोडकी लोखंडी कॉट १,४००, जुना मोबाईल ८००, रद्दी-पत्रा ४००. ४,३०० झाले, तेही एका दिवसात. भंगारवाल्याला दोन ठिकाणी विचारा, आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. जुना मोबाईल देण्याआधी आपले फोटो, बँकेची अॅपं काढून रिसेट मारा.

खर्च कुठं कमी केला

लेकरांच्या दुधात, शाळेत, औषधात हात घातला नाही. रविवारी बाहेर खाणं महिन्यातून दोनदा होतं ते एकदा केलं, त्याचे महिन्याला ३०० धरले तर नऊ महिन्यांत २,७०० वाचले. गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी पंधराशे उडतात, पाळणे, खेळणी, भजी. जानेवारीत जायच्या आधी दोघा लेकरांच्या हातात खर्चायचे पैसे दिले आणि सांगितलं, यातले वाचतील ते मालवणला तुमच्या होडीचे. मुलगा एकाच पाळण्यात बसला आणि बाहेर येऊन त्यानं उरलेल्या नोटा दोनदा मोजल्या. तिथं ८०० राहिले. गल्ल्यात वर्षभरात ५०० निघाले. असे ४,०००.

लेकरांपासून पैशाचं लपवू नका. फ्रिजवर कागद लावला होता, ३७ चौकोन, हजार जमले की एक रंगवायचा. त्यामुळं दुकानात हट्ट करणं इतकं कमी झालं की मला वाटलं नव्हतं.

राहिले ५,०००, ते दिवाळी बोनसमधून. बोनसवर सगळी ट्रिप टाकू नका, तो उशिरा होतो आणि त्याच्यावर कपडे-फराळ आधीच बसलेले असतात. आम्ही बोनस फक्त तिथल्या खर्चाला धरला, बुकिंग सगळं आरडीतून. ज्यांच्या पगारात एलटीए किंवा रजा प्रवास सवलत आहे त्यांनी ऑफिसात नक्की विचारा. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवासांना करात सूट मिळते, पण जुनी कररचना घेतली असेल तरच, आणि ती प्रवासभाड्यापुरती, हॉटेल-जेवणाला नाही. तिकिटं जपून ठेवा.

कर्ज काढून जायचं का?

नको. ४०,००० घेतले, १६ टक्क्यांनी, १२ महिन्यांसाठी, तर हप्ता ३,६३० च्या आसपास पडतो आणि साडेतीन हजार रुपये नुसतं व्याज जातं, प्रोसेसिंग फी वेगळी. आणि जे घर महिन्याला १,८०० ओढूनताणून बाजूला टाकतं ते ३,६३० कुठून भरणार? मोबाईलवर पाच मिनिटांत पैसे देणारी अॅपं तर लांबच ठेवा. सोनंही गहाण टाकू नका, ते आजारपणासाठी आहे.

बुकिंग आणि शेवटचे दोन महिने

सप्टेंबरात आरडी पिकली त्याच आठवड्यात खोली घेतली. इंटरनेटवर दिसलेल्या नंबरवर लगेच पैसे टाकू नका, हॉटेलच्या नावानं खोट्या वेबसाइट करून लोकांना फसवतात. आधी व्हिडिओ कॉलवर खोली आणि बाथरूम दाखवायला सांगा, दुसऱ्या कुणाकडून त्या घराची चौकशी करा, आणि थोडासाच अॅडव्हान्स द्या, आम्ही २,००० दिले. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे परत मिळायची आशा कमी. खोली ठरवताना हे विचारून घ्या: जीएसटी धरून भाव आहे का, जादा गादीचे किती, लहान मुलाचे पैसे लागतात का, गरम पाणी आहे का, खोली तळमजल्यावर आहे का (आत्यांच्या गुडघ्यांमुळं), आणि तारीख बदलली तर अॅडव्हान्सचं काय. बोललेलं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

जेवणाचे ९,००० पुरले कारण निघताना ३० कडक भाकऱ्या, चटणी आणि दोन दिवसांचे धपाटे बरोबर होते. प्रवासात बाहेर काही घ्यावंच लागलं नाही. तिथं दुपारचं जेवण राहत्या घरीच सांगायचो, आदल्या रात्री सांगितलं की ताजे मासे करून देतात आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलापेक्षा थाळी स्वस्त पडते. आत्या शाकाहारी, त्यांना सोलकढी इतकी आवडली की रोज दोन वाट्या.

पैसे तीन ठिकाणी ठेवले. थोडे माझ्याकडं, थोडे ह्यांच्याकडं, बाकी खात्यात. रोज एका पाकिटात त्या दिवसाचे तीन हजार काढायचे, संध्याकाळी उरले ते दुसऱ्या दिवसाच्या पाकिटात. पाण्यातल्या खेळांचे भाव होडीत बसायच्या आधी ठरवा आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय लेकरू पाण्यात सोडू नका, तिथं शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नका.

आणि एक पाकीट उघडायचंच नाही, परत आल्यानंतरच्या आठवड्याचं. घरी आलो तेव्हा फ्रिज रिकामा, दूधवाल्याचं बिल दारात, मुलीच्या शाळेची सहामाहीची फी बाकी होती. त्याचे २,५०० आम्ही निघण्याआधीच गव्हाच्या डब्यात ठेवले होते, ३७ हजारांच्या बाहेरचे. मुलानं मालवणच्या धक्क्याजवळून एका बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं होतं, ती बाटली त्यानं फ्रिजवर ठेवली, त्या ३७ चौकोनांच्या कागदाच्या बरोबर वर.

डिसेंबरात आत्यांच्या नावानं परत ९ महिन्यांची आरडी सुरू केली. यावेळी हप्ता २,००० चा, कारण त्यांना कन्याकुमारी बघायचीय.